गर्भपाताची शस्त्रक्रिया : आधीं आणि नंतर

इचलकरंजी म्हटलें कीं ऐकणाराच्या कानांत यंत्रमागांची खडखड सुरू होते. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं या गांवीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि पंचगंगेच्या कांठचें घोरपड्यांच्या जहागिरीचें हें गांव हळूहळू कापडाचें शहर होऊन बसलें. मागांचा आवाज कितीही मोठा असला तरी अशा शहरांत कुजबूज लपत नाहीं. कोणाच्या घरीं काय घडलें हें दिवस मावळण्याच्या आंत चार आळ्यांना कळतें. म्हणूनच, नको असतां दिवस गेलेली एखादी स्त्री येथें दवाखान्याची पायरी चढते, तेव्हां तिच्या मनांत तीन प्रश्न असतात. दुखेल किती? जीवाला धोका नाहीं ना? आणि हें कोणाला कळेल का? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वैद्यकशास्त्रानें दिलीं आहेत, तिसऱ्याचें कायद्यानें दिलें आहे. हीं उत्तरें मिळण्यास महाराष्ट्रांतील स्त्रीला शंभराहून अधिक वर्षें थांबावें लागलें, आणि मिळालेलीं उत्तरें अद्याप पुष्कळ घरांपर्यंत पोंचलेलींही नाहींत.

या कामाचें सरळ नांव घेण्याची आपल्याकडे पद्धत नाहीं. लिहितांना गर्भपात म्हणतात, दवाखान्यांत ‘क्युरेटिंग’ म्हणतात, आणि बायका आपसांत ‘पिशवी साफ केली’ एवढें बोलून विषय बदलतात. जुना शब्द ‘पोट पाडणें’ हा होता. त्या शब्दांतच त्या काळाचें सगळें भय सांठलेलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत हें काम सुईण, वैदू किंवा घरांतील एखादी जाणती म्हातारी करीत असे. तीव्र रेचकें, विषारी पाळेंमुळें, चित्रकासारख्या दाहक वनस्पतीची काडी, अशा उपायांचीं वर्णनें इंग्रजी अमदानींतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत वाचावयास मिळतात. काडी गर्भाशयांत जाई ती एकटी जात नसे, तिच्याबरोबर जंतूही जात. दोन-चार दिवसांनीं थंडी वाजून ताप भरे, पोट फुगे, आणि बाई दगावली तर घरचीं माणसें दुसऱ्याच एखाद्या दुखण्याचें नांव सांगून मोकळीं होत.

त्यांत कायद्याची भर पडली. १८६० चा भारतीय दंडविधान १८६२ च्या आरंभापासून लागू झाला. त्याच्या ३१२ व्या कलमानें, आईचा जीव वांचविण्याच्या शुद्ध हेतूखेरीज गर्भपात करविणारास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास ती सात वर्षांपर्यंत जाई. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्याच कलमांत गुन्हेगार ठरत होती. एकीकडे बालविवाह, त्यामागून कोवळ्या वयांतील वैधव्य, आणि १८५६ च्या कायद्यानें पुनर्विवाहाची परवानगी दिलेली असूनही समाजानें घातलेली बंदी. दुसरीकडे हें कलम. या दोहोंच्या चिमट्यांत सांपडलेल्या विधवेस उघडा मार्ग एकही उरला नव्हता.

अशाच एका विधवेची हकीकत ज्योतिराव फुले यांनीं १८८४ सालीं मलबारींच्या निबंधांवर मत देतांना लिहून ठेवली आहे. काशीबाई नांवाची ही तरुण ब्राह्मण विधवा पुण्यांत फुल्यांच्या गोवंडे नांवाच्या स्नेह्यांकडे स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्यानें तिला नादीं लावलें. दिवस राहिल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिनें नाना प्रकारचीं विषारी औषधें घेतलीं, पण एकही लागू पडलें नाहीं. नऊ महिन्यांनीं मुलगा झाला. अब्रूच्या भीतीनें तिनें तो मारला आणि घरामागील विहिरींत टाकला. पोलिसांनीं तिला पकडलें, पुण्याच्या सेशन्स कोर्टांत खटला झाला, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा मिळाली. शास्त्रीबुवांना कोणती शिक्षा झाली याचा त्या हकीकतींत उल्लेख नाहीं, आणि वाचणाराला त्याचें आश्चर्यही वाटत नाहीं.

ज्योतिराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं आपल्या घराला जोडून जें बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, त्याचें मूळ या प्रसंगांत आहे. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षितपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा येथेंच ठेवावें, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यांतील ब्राह्मणवस्तीच्या मोक्याच्या जागीं भिंतींवर लावण्यांत आल्या. चोरून करण्याच्या गोष्टीची जाहिरात भिंतीवर! त्या काळच्या पुण्यांत ही गोष्ट किती झोंबली असेल याची कल्पना करावी.

परंतु या गृहाच्या इतिहासांत जो आंकडा खरोखर थांबून वाचावयास हवा, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. १८८४ पर्यंत तेथें ३५ गर्भवती विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं जिवंत राहिलीं अवघीं ५. उरलेलीं ३० दगावलीं, आणि त्याचें कारण फुल्यांनीं स्वतः दिलें आहे : गरोदरपण लपविण्यासाठीं आयांनीं आधींच घेतलेल्या विषारी औषधांनीं तीं पोटांतच जखमी झालेलीं होतीं. म्हणजे या बायका फुल्यांच्या दाराशीं येण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशीं जाऊन आल्या होत्या. गृह उघडें होतें, पण तेथें पोंचण्याआधींचे महिने अंधारांत गेलेले होते. १८७४ सालीं याच गृहांत जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला या दांपत्यानें दत्तक घेतलें. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. पसतीसांतील पांचांत तो होता, हें लक्षांत ठेवलें म्हणजे त्याच्या जगण्याची किंमत कळते.

पुढें १८७५ सालीं पंढरपुरांतही असेंच आश्रयस्थान निघालें. वारीच्या गांवीं टाकलेलीं अर्भकें सांपडत, त्यांची सोय व्हावी हा हेतु होता. या सर्व प्रयत्नांत मूल जगविण्याची सोय होती. बाईला गर्भ नकोच असेल तर काय, हा प्रश्न विचारण्याचें धैर्य सुधारकांनाही झालें नाहीं, आणि तो विचारला असता तरी त्या वेळच्या वैद्यकाजवळ देण्यासारखें उत्तर बेताचेंच होतें. एडिंबरोच्या सिम्प्सननें १८४७ सालीं क्लोरोफॉर्मची भूल दिली, लिस्टरनें १८६७ सालीं जंतुनाशक शस्त्रक्रियेची रीत मांडली, आणि जर्मनीच्या हेगारनें १८७९ सालीं गर्भाशयाचें मुख हळूहळू रुंद करण्याच्या चढत्या जाडीच्या सळया प्रसिद्ध केल्या. भूल, स्वच्छता आणि रुंदीकरण हीं तिन्हीं एकत्र आलीं तेव्हां शस्त्रक्रिया शक्य झाली.

कोल्हापूरच्या बाजूला हें ज्ञान स्त्रीच्या हातून येणार होतें, पण तो योग चुकला. आनंदीबाई जोशी यांनीं वयाच्या चौदाव्या वर्षीं आपलें दहा दिवसांचें मूल गमावलें होतें. त्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी मिळविली, आणि प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयानें त्यांना गांठलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांतच त्यांचा अंत झाला. कोल्हापुरास त्या पोंचल्याच नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं शाहू महाराजांच्या उत्तेजनानें डॉ. कृष्णाबाई केळवकर त्या रुग्णालयांत काम करूं लागल्या. १९१७ सालीं महाराजांनीं संस्थानांत विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला. मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. गर्भपाताची पाळीच येऊं नये हा त्यांचा रोख होता. लोकांनीं त्यांना खटले दिले.

कायदा मात्र शंभर वर्षें जागचा हलला नाहीं. तो हलविण्याचें श्रेय ज्यांना द्यावयाचें त्यांत एका महाराष्ट्राच्या मंत्र्याचें नांव आहे. १९६४ सालीं केंद्र सरकारनें या प्रश्नावर एक समिती नेमली आणि तिचें अध्यक्षपद राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांना दिलें. समितीनें डिसेंबर १९६६ मध्यें अहवाल दिला. ५० कोटी लोकसंख्येमागें वर्षाकाठीं ६५ लाख गर्भपात होत असावेत, आणि त्यांपैकीं ३९ लाख मुद्दाम केलेले असावेत, असा तिचा अंदाज होता. कलम कागदावर आणि व्यवहार काळोखांत, ही गोष्ट एवढ्या स्पष्टपणें सरकारी कागदावर आली. १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें व २० आठवड्यांपर्यंत दोघांचें मत, मान्यताप्राप्त जागा, शिकलेला डॉक्टर, आणि स्त्रीची लेखी संमति, या त्याच्या अटी होत्या. प्रौढ, शहाण्या स्त्रीच्या संमतीखेरीज दुसऱ्या कोणाची संमति कायद्यानें मागितली नाहीं. नवऱ्याची सही आणल्याशिवाय हात लावणार नाहीं, असें आजही कांहीं ठिकाणीं सांगतात. तें त्यांच्या पदरचें आहे, कायद्याचें नव्हे.

त्याच सुमारास शस्त्रक्रियेची रीतही पालटली. पूर्वीं धातूच्या धारदार चमच्यानें गर्भाशयाचें अस्तर खरवडून काढीत. ‘क्युरेटिंग’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. १९५८ सालीं चिनी डॉक्टरांनीं शोषणयंत्राची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९७० च्या आगेंमागें कार्मन यांनीं लवचीक नळी आणली. खरवडण्याच्या जागीं अलगद ओढून घेणें आलें. जागतिक आरोग्य संघटना आतां धारदार चमचा टाकून देण्यासच सांगते. नांव मात्र लोकांच्या तोंडीं जुनेंच राहिलें, आणि त्या नांवामुळें पुष्कळ बायकांच्या डोळ्यांपुढें अजून तो चमचा उभा राहतो.

आज प्रत्यक्षांत काय घडतें तें असें. आधीं डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, तपासतात, आणि बहुधा सोनोग्राफीनें दिवस निश्चित करतात. गर्भ पिशवींतच आहे, नळींत नाहीं, हेंही त्यांतच कळतें. रक्तदाब, हिमोग्लोबिन व रक्तगट पाहतात. रक्तगट ऋण असल्यास कांहीं वेळां एक निराळें इंजेक्शन लागतें. दमा, हृदयविकार, पूर्वींचें सिझेरियन, एखाद्या औषधाचें वावडें, यांपैकीं कांहींही लाजेनें लपवूं नये. भूल देतांना तीच माहिती उपयोगी पडते. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर डॉक्टर सांगतील तितके तास पोट रिकामें ठेवावें लागतें, आणि परत नेण्यास सोबत कोणी तरी लागतें. गर्भाशयाचें मुख मऊ व्हावें म्हणून कांहीं तास आधीं गोळ्या देतात. त्यानें थोडी कळ येते, थोडें रक्तही दिसतें.

शस्त्रक्रियेच्या मेजावरचा वेळ सर्वांत थोडा. पहिल्या तीन महिन्यांत ती साधारण पांच ते पंधरा मिनिटांत आटोपते. मुखाभोंवतीं बधिर करणारें इंजेक्शन देतात किंवा झोप आणतात, सळयांनीं मुख थोडें रुंद करतात, नळी घालून ओढून घेतात, आणि निघालेलें सर्व पूर्ण आहे कीं नाहीं तें डॉक्टर नजरेखालून घालतात. बधिर करूनही पाळीच्या वेळच्यापेक्षां जोराच्या कळा येतात. पिशवी आकसते त्याची ती खूण. पोटावर चीर नसते, टांके नसतात. एक-दोन तासांनीं, भूल असेल तर थोड्या अधिक वेळानें, बाई घरीं जाते.

नंतरचे दिवस हे खरे सांभाळण्याचे. पाळीसारखें किंवा त्याहून कमी रक्त कांहीं दिवस, क्वचित दोन आठवडे, मधून मधून जातें. कळा दोन-चार दिवस राहतात. अंघोळीला आडकाठी नाहीं, जेवणांत पथ्यांचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. मागावर उभें राहण्याचें किंवा ओझें उचलण्याचें काम एक-दोन दिवस टाळावें. दिलेलीं औषधें पुरीं करावींत. बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडूं नयेत. पाळी चार ते आठ आठवड्यांत येते. परंतु तिच्याही आधीं, दोन आठवड्यांच्या आंत, पुन्हा दिवस राहूं शकतात. हें न सांगितल्यामुळें त्याच पायरीवर दुसऱ्यांदा आलेल्या बायका थोड्या नाहींत. ‘एकदां पिशवी साफ केली कीं पुढें मूल होत नाहीं’ ही समजूत मात्र अंधारांतल्या काळाची आहे. स्वच्छ जागीं, शिकलेल्या हातानें केलेल्या शस्त्रक्रियेनें पुढील मातृत्वास सहसा बाध येत नाहीं. मनाचें म्हणावें तर कोणाला हायसें वाटतें, कोणाला रडूं येतें, पुष्कळींना दोन्ही एकाच दिवशीं. त्यांत विचित्र कांहीं नाहीं.

तासाला दोन पट्ट्या भिजून असे दोन तास गेले, चोवीस तासांहून अधिक ताप राहिला, दुर्गंधी येऊं लागली, किंवा पोटांतील कळ गोळीनेंही थांबेना, तर मात्र रात्र कीं दिवस हें न पाहतां रुग्णालय गांठावें. जंतुदोष रक्तांत भिनला कीं घड्याळ फार वेगानें चालतें. इचलकरंजीहून बेळगांव कांहीं दूर नाहीं. त्या बेळगांवची कन्या, दंतवैद्य सविता हलप्पनवार, आयर्लंडमधील गॉलवे येथें सतरा आठवड्यांची गर्भवती असतां रुग्णालयांत गेली. गर्भ टिकणार नाहीं हें ठरलें होतें. परंतु त्याच्या हृदयाचे ठोके चालू असेपर्यंत तेथील डॉक्टरांनीं तो काढण्यास नकार दिला. २८ ऑक्टोबर २०१२ रोजीं जंतुदोषानें ती गेली, वय अवघें ३१. २५ मे २०१८ च्या सार्वमतांत आयरिश जनतेनें तेथील घटनेंतील बंदी उठविली. युरोपांतील सुसज्ज रुग्णालयांत जें घडलें तें पुण्याच्या जुन्या माजघरांत घडे त्याहून फार निराळें नव्हतें. औषध होतें, हात होते, फक्त वेळेवर ते चालविण्याची मोकळीक नव्हती.

आपल्याकडे ही मोकळीक १९७२ पासून आहे, तरी चोरवाट बुजलेली नाहीं. आणि कोल्हापूरच्या बाजूला तर तिला एक नवाच फांटा फुटला. सोनोग्राफीनें मुलगा कीं मुलगी कळूं लागल्यावर मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा मांडला गेला. २००१ च्या जनगणनेंत कोल्हापूर जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें ८३९ मुलीच उरल्या होत्या. लिंगनिदानावर कायदा करण्यांत १९८८ सालीं महाराष्ट्र पहिला होता, १९९४ सालीं केंद्राचाही झाला. तरी हें घडलें. पुढें जिल्हाधिकारी व साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांनीं सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नांवाचें नोंद ठेवणारें उपकरण जोडविलें. काम स्तुत्य होतें. परंतु त्या धाकाची एक उलट बाजूही दिसूं लागली. लिंगनिदान गुन्हा आहे हें लोकांनीं ‘गर्भपातच गुन्हा आहे’ असें वाचलें, आणि कांहीं डॉक्टरांनींही नसती कटकट म्हणून कायदेशीर गर्भपातापासून अंग काढून घेतलें. दार उघडें असून त्यावर कुलुपाचें चित्र रंगवावें तसें हें झालें.

मार्च २०१७ मध्यें मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें, बेकायदा गर्भपातानंतर एक गर्भवती दगावल्यावर, पोलिसांनीं ओढ्याकांठची जमीन उकरली तेव्हां १९ भ्रूण सांपडले. संशय होता तो होमिओपॅथीची पदवी असलेल्या एका डॉक्टरवर. फुल्यांच्या गृहापासून दीडशें वर्षांनंतरची ही गोष्ट!

कायदा मात्र पुढें सरकत राहिला. २००८ सालीं मुंबईच्या एका दांपत्यानें गर्भांत हृदयाचा दोष आढळल्यावर २० आठवड्यांपुढें परवानगी मागितली, ती उच्च न्यायालयानें नाकारली. आणि मुदतीचा प्रश्न देशभर गाजला. २०२१ च्या दुरुस्तीनें २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचें मत पुरेसें केलें, व कांहीं स्त्रियांसाठीं दोन डॉक्टरांच्या मतानें मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानें त्यापुढेंही जातां येतें. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विवाहित आणि अविवाहित हा भेदही काढून टाकला. १८६० चें दंडविधान १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झालें. गर्भपाताचीं जुनीं कलमें भारतीय न्याय संहितेंत नव्या आंकड्यांनीं आलीं आहेत, पण गर्भपाताच्या कायद्याप्रमाणें केलेल्या शस्त्रक्रियेला तीं लागत नाहींत.

चोवीस आठवड्यांची सवलत कोणाला, याची यादी ऑक्टोबर २०२१ च्या नियमांत आहे. अत्याचार सोसलेल्या, अल्पवयीन, अपंग, आपत्तींत सांपडलेल्या अशा स्त्रियांच्या ओळींत एक वर्ग असा आहे : गर्भारपणांतच जिची वैवाहिक स्थिति बदलली ती, आणि त्यापुढें कंसांत वैधव्य हा शब्द छापलेला आहे. 

राहिला तिसरा प्रश्न, कोणाला कळेल का? इचलकरंजीचें इंदिरा गांधी रुग्णालय पूर्वीं नगरपालिकेचें होतें, आतां सरकारी आहे. आणि सरकारी रुग्णालयास गर्भपातासाठीं जागेची वेगळी मान्यता लागत नाहीं. खाजगी दवाखान्यास ती घ्यावी लागते, व तिचा दाखला दर्शनी भिंतीवर लावावा लागतो. दोन्हीकडे नियम एकच. बाईचें संमतिपत्र पाकिटांत बंद करून त्यावर ‘गुप्त’ असें लिहितात व कुलुपांत ठेवतात. दाखल झालेल्यांची नोंदवही निराळी असते आणि तीही गुप्त. नांव फोडणारास २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. रुग्णालयाच्या इतर कोणत्याही कागदावर त्या बाईचें नांव येत नाहीं. त्या जागीं तिचा अनुक्रमांक लिहितात.